लॉरीचा कार्बोरेटर

नाथाजी खराड्यांनी सांगलीहून पाठवलेला कार्बोरेटर मंगळवारी दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं वाडीत पोचला. गोणपाटात गुंडाळून सुतळीनं आवळलेलं ते बोचकं आप्पासोंनी स्वतः सोप्यात आणलं, पाटावर ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. दुसऱ्यांच्या घरी सोयरिकीआधी साडीचोळी येते. शिंगट्यांच्या घरी मोटारीचं काळीज आलं होतं.

बोचक्यात चिठ्ठी होती. आप्पासोंचे धाकटे भाऊ, कृष्णातचे वडील भाऊसो, वाचण्यात पटाईत, त्यांनी ती घसा साफ करून वाचली. 'गुरुवारी सकाळचे गाडीने मी व आमच्या भगिनी बनूबाई रहिमतपूर स्टेशनावर उतरू. आपण मागविलेली वस्तू सोबत पाठविली आहे. चि. कृष्णात यांना पाहणेचा योग यावा.'

"ऐकलंसा का?" आप्पासो म्हणाले. "पाव्हणं ठेसनावरनं आपल्या मोटारीतनं येतील. किस्ना उद्या ह्ये बसवंल. चार वर्सं मिलिटरीच्या मोटारी नीट केल्यात त्येनं, त्येला ह्ये म्हंजी चुटकीचं काम."

सगळ्यांनी कृष्णातकडं बघितलं. कृष्णात कार्बोरेटरच्या पोटावर ठोकलेले आकडे बघत होता. परमुलखात गावचा माणूस दिसावा तसे ते आकडे त्याला दिसले. इराकमधल्या बसऱ्याच्या लष्करी डेपोत सातवी ओळ, खालून तिसरा कप्पा. हा कार्बोरेटर कारचा नव्हता. दीड टनी लॉरीचा होता.

एवढं त्याला झोपेतही सांगता आलं असतं. अडचण एवढीच होती, की याच्या पुढचं त्याला काहीच येत नव्हतं.

कारण चार वर्षं लढाईत असून कृष्णातनं एकही मोटार दुरुस्त केली नव्हती. देवळाएवढ्या उंच गोदामात तो टेबलापाशी बसायचा, चिठ्ठी यायची, चिठ्ठीवरचा नंबर बघून कप्प्यातली वस्तू काढून द्यायचा. पहिल्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'मी इथे मोटारींच्या कामावर आहे, काळजी नसावी.' भाऊसोंनी ते पत्र चावडीवर वाचलं. संध्याकाळपर्यंत पोरगं मेस्त्री झालं, पुढच्या महिन्यात इंजिनेर झालं, आणि शेहेचाळीस साली पेटी घेऊन घरी येईतोवर त्यानं एका पुलावर जनरलची बंद पडलेली गाडी सुरू करून दिली होती. यातलं एक अक्षर कृष्णातनं लिहिलं नव्हतं. पण खोडलंही नव्हतं. आल्या दिवशी चावडीवर हार घातला तेव्हाच खोडायचं होतं. तेव्हा मान खाली घातली ती घातलीच.

मोटारीची गोष्ट याहून सरळ होती. काळी, लांबलचक अमेरिकन गाडी आप्पासोंनी लढाईआधी साताऱ्याच्या एका पेन्शनर साहेबाकडून घेतली होती. बेचाळीसच्या धामधुमीत पोलीस दिसेल ती मोटार न्यायला लागले आणि भूमिगत पोरंही न्यायला लागली. पोलिसांनी नेली तर परत मिळणार नाही, भूमिगतांनी नेली तर परत मागता येणार नाही. म्हणून आप्पासोंनी एका सकाळी साताऱ्याचा मेस्त्री आणून कार्बोरेटर उतरवून घेतला आणि कुणाच्या बापाला सापडू नये म्हणून मिठाच्या रांजणात तळाशी पुरला. कुणाला सापडला नाही हे खरं. चार वर्षांनी आप्पासोंनाच सापडला, तेव्हा मिठानं त्याचा भुगा करत आणला होता.

"माझं मीठबी नासलं," त्यांची बायको हरणाबाई म्हणाली होती. आणि तो सांगाडा तिनं टाकू दिला नव्हता. नवऱ्यानं पुन्हा कधी शहाणपणाची गोष्ट काढली, तर दाखवायला म्हणून तिनं तो फडताळात ठेवला होता.

हरणाबाईला सांगलीचं स्थळ नको होतं. म्हसवडच्या तिच्या भावाची मुलगी लग्नाची होती आणि कृष्णात तिला करायचा, असा शब्द तिनं दिवाळीत भावाला देऊन ठेवला होता. माघापर्यंत आप्पासोही तिच्याच बाजूनं होते. मग कळलं, की नाथाजीरावांच्या सांगली-मिरज रस्त्यावर नऊ सर्व्हिस मोटारी चालतात, विश्रामबागेत स्वतःचा कारखाना आहे, आणि राही ही एकुलती एक मुलगी. त्या दिवसापासून आप्पासोंना म्हसवड फार लांब वाटायला लागलं.

"बसंल म्हणा कारबेटर," हरणाबाई दारातून म्हणाली. "जनरलाच्या मोटारीला हात लावणारा गडी. आमची मोटार म्हंजी त्येला काय!"

कृष्णातला घरात या एकाच माणसाची भीती वाटायची. बाकी सगळे त्याच्यावर विश्वास ठेवत होते.

संध्याकाळी त्याची आई तानुबाई परसात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. कृष्णात तिच्याशेजारी बसला, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाला, "आय, मी मेस्त्री न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय! मेस्त्र्याची नखं कवा पांढरी असत्यात व्हय? आन् तू आल्यापास्नं बघती, हातात काडी आली का कानामागं खोवतूस. कारकुनागत." तिनं सुपातलं टरफल बाजूला केलं. "तुझ्या बापाला सांग. मी सांगितलं तर मला येडी म्हणतील."

"आत्ताच सांगू?"

"आत्ता कशाला? चार म्हैनं थांबलास, आनी चार म्हैनं थांब," ती म्हणाली आणि सूप घेऊन उठली.

त्याला वाटलं, एक दिवस बघू. भोकंच जुळली नाहीत तर प्रश्नच मिटला. लॉरीचा कार्बोरेटर कारला बसत नाही, पाव्हण्यांनी चुकीचा पाठवला, यात इंजिनेराचा काय दोष?

बुधवारी सकाळी त्यानं गड्याला, केरबाला, हाताशी घेतलं आणि मोटारीच्या खोलीत बॉनेट उघडलं. कार्बोरेटर तिथं टेकवून बघितला. भोकं जुळली. एकाच कंपनीची लॉरी आणि कार. बनवणाऱ्यांनी काटकसर करून दोन्हींना एकाच मापाची बैठक ठेवली होती. कृष्णातला त्या परक्या माणसांचा मनापासून राग आला.

मग बसवण्यावाचून इलाज राहिला नाही. जुन्या वहीचा पुठ्ठा कापून, तेलात भिजवून त्यानं मधलं पॅकिंग केलं. नट दोन्हीकडून थोडे थोडे आवळले, कारण एकदम एकीकडून आवळले तर बैठक तडकते हे डेपोतल्या प्रत्येक खोक्यावर छापलेलं असायचं. पेट्रोलची नळी जोडली, पायाच्या दांडीचा दुवा अडकवला. खोक्यांवरचं वाचून वाचून माणूस किती शहाणा होतो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. दुपारी साताऱ्याहून भरून आणलेली बॅटरी बसली, रेशनच्या कुपनांवर साठवलेलं पेट्रोल ओतलं आणि आप्पासो नवा फेटा बांधून चाकामागं बसले. घरातले सगळे ओळीनं उभे राहिले.

केरबानं हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. भाऊसोंनी टाळी वाजवली, तेवढ्यात मागून काळाकुट्ट धूर निघाला आणि निघतच राहिला. पाव्हण्यांसाठी कालच चुना दिलेली मागची भिंत बघता बघता म्हशीच्या रंगाची झाली. आत आप्पासो खोकायला लागले. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि गुदमरून मेलं.

धुरातून आप्पासो उतरले. फेटा त्यांचाच होता, पण ओळखू येत नव्हता.

"अगं बया," हरणाबाई म्हणाली. "मोटार हाय का गुऱ्हाळाचं चुलवाण?"

आप्पासो पुतण्याकडं बघून एवढंच म्हणाले, "म्हसवडची पोरगी दिसायला काय वंगाळ न्हाई." आणि आंघोळीला गेले.

भाऊसोंनी कृष्णातला दंडाला धरून बैलांच्या गोठ्यामागं नेलं. "किस्ना, काय ह्ये? पुलावर जनरलाची गाडी चालू केलीस, आन् घरच्या गाडीला—"

"भाऊ, त्यो जनरल तुमचा हाय. पूलबी तुमीच बांधलाय."

भाऊसोंनी दंड सोडला.

"मी गोदामात हुतो. सामान काढून द्यायचो. चार वर्सं पाना हातात धरला न्हाई मी. म्हंजी धरला, पण द्यायला."

भाऊसोंच्या तोंडाकडं बघून कृष्णातला वाटलं, की आपण यांच्या घरातला कोणी माणूस मेल्याची बातमी दिली. चार वर्षं ज्याच्याबरोबर ते रोज चावडीवर बसले, तो इंजिनेर गोठ्यामागं संपला होता. बराच वेळ ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"कुणाला बोललास?"

"आयला."

"म्हंजी कुणालाच न्हाई. आता गुरवार जाऊ दे. पाव्हणं परत गेलं का सुक्रवारी तुला काय व्हायचं त्ये हो. उद्याचा दीस तेवढा इंजिनेर ऱ्हा." जाता जाता ते वळले. "पुलाचं कुणी इचारलं तर मी हाय. तू बोलू नगंस."

कृष्णात मोटारीपाशी परत आला आणि पायरीवर बसला. मेस्त्र्यासारखा विचार त्याला करता येत नव्हता. म्हणून मग त्यानं आपल्याला येत होता तसा केला. डेपोतली जाडजूड यादी त्यानं डोळ्यांपुढं आणली. लॉरीचा कार्बोरेटर, कारचा कार्बोरेटर. दोन्ही पानं शेजारी शेजारी. अंग तेच, झाकण तेच, आतला तरंगता डबा तोच. नंबर वेगळा फक्त एका वस्तूचा होता: मेन जेट. पितळेची करंगळीच्या पेराएवढी नळी, तिला सुईएवढं भोक. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. लॉरीचं भोक मोठं. म्हणजे कारला लॉरीचं जेवण घातलं होतं आणि तिला ते पचलं नव्हतं.

कारचा जेट सबंध सातारा जिल्ह्यात एकाच ठिकाणी होता.

"थोरली आय," त्यानं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "फडताळातला जुना कारबेटर देता का?"

"कशाला? पाव्हण्यास्नी दावाय?"

"त्यातली एक वस्तू पायजे."

हरणाबाईनं सांगाडा दिला, पण हातात नाही. आपण बरोबर आली. कृष्णातनं पेचकस लावला तसा तो पापडासारखा मोडला. मिठानं सगळं खाल्लं होतं, पितळ तेवढं ठेवलं होतं. हिरवागार झालेला जेट त्याच्या तळहातावर पडला. तो धोतराच्या सोग्यानं पुसायला लागला, ते हरणाबाईला बघवेना. पितळ असं पुसतात होय? तिनं तो हिसकावून घेतला, चिंचेचा कोळ आणि राख आणली आणि देवाची उपकरणी घासावी तसा घासला. मग भोक साफ करायला अंबाड्यातली सुई काढली.

"सुई नगं!" कृष्णात ओरडला. "भोक इवलंसंबी मोठं झालं तर परत धूर. फुंकर मारायची."

"ह्ये बरं ठावं हाय तुला."

"त्ये पाकिटावर लिवल्यालं असतंय," तो बोलून गेला.

हरणाबाईनं त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

जेट बदलला. केरबानं हँडल मारलं आणि या वेळी धूर निघाला तो पांढुरका, थोडा आणि लगेच विरला. इंजिन चालू राहिलं. पण कसं? कधी उधळायचं, कधी झोपायचं. बाजूला एक बारीक स्क्रू होता, हवा आणि पेट्रोल यांचा मेळ घालायचा. तो पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर आणायचा, एवढं खोक्यावर असायचं. त्याच्यापुढं छापलेलं असायचं, 'नंतर कानाने ठरवावे.' कुणाच्या कानानं, ते छापलेलं नव्हतं.

त्यानं दीड फेरा दिला आणि ऐकलं. त्याला इंजिनाचा आवाज इंजिनासारखा वाटला.

हरणाबाई उंबऱ्यावर बसली होती. पुतण्याची फजिती शेवटपर्यंत बघायची म्हणूनच बसली होती. ती म्हणाली, "असा न्हवता तिचा आवाज. ही म्हंजी मोकाट सुटल्यालं घोडं वाटतंय."

कृष्णातनं स्क्रू थोडा आत घेतला.

"आता खोकतीया. म्हाताऱ्या बुवागत."

त्यानं अर्ध्याच्या अर्धा बाहेर आणला.

"हां. आता कशी, चढाला लागल्यागत. पर दम लागतोय."

आणखी एक कणभर. मग दुसरा स्क्रू, जो इंजिनाला उभ्या उभ्या किती पळू द्यायचं ते ठरवतो. तो सैल करत गेला तसा आवाज खाली उतरत गेला. हरणाबाईची मान हळूहळू कलली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, मोटारीकडंही बघत नव्हती. रस्त्याच्या दिशेला कुठंतरी बघत होती.

"थांब," ती म्हणाली. "आता वढ्याजवळ आली. ह्या आवाजाला मी तवा चुलीवर टाकायची. सा वर्सं. आनी जरा वरडत आली म्हंजी मालक साताऱ्याला कोर्टात हरल्यात म्हणून समजायचं, आन् भाजीत तिखट कमी घालायचं."

मोटार शांत, एका सुरात चालली होती. आप्पासो ओल्या अंगानं धावत आले, भाऊसो आले, तानुबाई पदराला हात पुसत आली. आप्पासोंनी कृष्णातच्या पाठीवर थाप मारली. "इंजिनेर गड्या, इंजिनेर!" म्हसवड पुन्हा लांब गेलं.

ते सगळे आत गेल्यावर हरणाबाई उंबऱ्यावरून उठली नाही. "किस्ना," ती म्हणाली, "तू मला इचारून फिरवत हुतास."

"व्हय."

"म्हंजी तुला कळत न्हवतं."

"न्हाई."

"तिथं काय करत हुतास रं तू?"

खोटं बोलायला कृष्णातला जागाच राहिली नव्हती. आत्ताच जिच्या कानानं त्यानं मोटार लावली, तिला काय सांगणार? त्यानं सगळं सांगितलं. गोदाम, टेबल, चिठ्ठ्या, नंबर.

"बरं," हरणाबाई म्हणाली. तिनं पदर झटकला आणि आत गेली. त्या 'बरं'मध्ये किती गोष्टी मावल्या होत्या ते त्याला रात्रभर कळलं नाही, आणि कळायच्या आत गुरुवार उजाडला.

मोटारीनं स्टेशनावरून पाव्हणे आणले. वाटेत एकदाही बंद पडली नाही. नाथाजीराव हडकुळे, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. बसल्यापासून त्यांचा एक कान इंजिनाकडं होता. त्यांच्या बहीण बनूबाई बोलक्या होत्या आणि त्यांनी वाटेतल्या उसाची चौकशी केली. दारात उतरताच नाथाजीरावांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकून ऐकलं आणि विचारलं, "ट्यूनिंग कुणी केलं?"

"आमच्या किस्नानं," आप्पासो आणि भाऊसो एकदम म्हणाले.

"लय झ्याक हाय," नाथाजीराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

तो का उतरला हे जेवणं होईतो कुणाला समजलं नाही. भाऊसोंना वाटलं, कौतुक कमी पडतंय. म्हणून सोप्यात सुपारी कातरता कातरता त्यांनी जनरल काढला, पूल काढला. तो एक पूल होता त्याचे त्यांनी दोन केले. नाथाजीराव 'व्हय का', 'असं का' म्हणत घड्याळाकडं बघायला लागले. कृष्णात खांबाला टेकून बसला होता. आपल्याला बघायला आलेला माणूस आपण जसजसे मोठे होतोय तसतसा लांब जातोय, हे त्याला दिसत होतं.

शेवटी नाथाजीराव म्हणाले, "खरं सांगू का, आप्पासाब? पोरगं लाखात एक हाय. पण आमच्यासाठी जास्त हाय."

"म्हंजी?"

"माझा हेडमेस्त्री असाच हुशार हुता. कानानं इंजिन लावायचा. तीन वर्सं ऱ्हायला आन् एक दिवस माझ्याच समोर कारखाना टाकून बसला. निम्मी गिऱ्हाइकं त्येच्याकडं गेली. तवापास्नं हुशार मेस्त्री बघितला का माझ्या पोटात गोळा येतो. त्यात ह्यो इंजिनेर. जनरलाची गाडी दुरुस्त केल्याला जावई माझ्या हाताखाली किती दिवस ऱ्हाईल? मध्यस्थानं 'मोटारींच्या कामावर' एवढंच सांगितलं हुतं, मला वाटलं काहीतरी साधं असंल." त्यांनी टोपी उचलली. "परतीची गाडी किती वाजता म्हणालासा?"

भाऊसोंच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. खरं सांगितलं तर सोयरीक जुळेल हे त्यांना दिसत होतं, पण आत्ताच बांधलेला दुसरा पूल त्यांना पाडवत नव्हता. कृष्णातनं तोंड उघडलं, तर बापाचे डोळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं ते परत मिटलं.

आणि मधल्या दारातून हरणाबाईचा आवाज आला. तिला बाहेरचं अर्धंच ऐकू आलं होतं. जनरल आणि पूल तेवढे ऐकले होते; पाव्हणे टोपी घालतायत हे दिसलं नव्हतं. तिनं कालपासून राखून ठेवलेली वेळ आली असं तिला वाटलं.

"इंजिनेर कसला आलाय, पाव्हणं!" ती म्हणाली. "चार वर्सं गोदामात बसून नट-बोल्ट काढून देत हुता. पाना कसा धरायचा ठावं न्हाई त्येला. ही मोटारबी त्येनं माझ्या कानानं लावलीया, इचारा हवं तर. पाव्हण्यास्नी फसवून पोरगी आणू नगासा म्हणून सांगती, मला काय त्यात."

आप्पासोंनी डोळे मिटले. तानुबाई आतून बाहेर आली आणि जावेच्या शेजारी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की काय, ते कृष्णातला नीट दिसलं नाही.

नाथाजीरावांनी टोपी काढली. "गोदामात?" ते म्हणाले. "खरं का रं?"

"व्हय," कृष्णात म्हणाला. तो आवाज त्याचा त्यालाच हलका वाटला. "बसऱ्याला. मोटारींच्या सुट्या भागांचं गोदाम."

"किती वर्सं?"

"पावणेचार."

"चोरी किती झाली तुझ्या गोदामात?"

"एकदा पंख्याचे चार पट्टे कमी भरले. सा दिवसांनी सापडले. दुसऱ्याच कप्प्यात हुते."

नाथाजीराव पुढं सरकले. "मी पाठवलेला कार्बोरेटर कसा हुता?"

"चुकीचा हुता," कृष्णात म्हणाला. "कारचा न्हाई त्यो. दीड टनी लॉरीचा. जेट बदलून चालवलाय."

मग बनूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसायला लागल्या, त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "दादा! ऐक! मिरज नाक्यावर लॉरी चार दिवस उभी हाय, तिचा कार्बोरेटर समद्या कारखान्यात सापडंना म्हणून माणसं बोंबलत्यात, आन् त्यो तू हितं पाठवून बसलायस!"

"मी कुठं पाठवला? मेस्त्र्यानं काढून दिला."

"त्येच म्हणती मी. सगळं मेस्त्री. सामान सांभाळणारं एकबी न्हाई."

नाथाजीरावांनी कृष्णातला निरखून बघितलं. एखादा कार्बोरेटर उलटा करून नंबर वाचावा तसं. "पोरगी बघाय सांगलीला या," ते म्हणाले. "येताना ह्यो कार्बोरेटर घेऊन या. तुमच्या मोटारीचा माझ्या गोदामात कुठंतरी हाय. ज्येनं त्यो शोधून काढला त्यो आमचा जावई."

आप्पासोंनी डोळे उघडले. भाऊसोंनी अडकित्ता मिटला. दोघांनाही आनंद झाला होता, आणि दोघांनाही तो कसा दाखवावा कळत नव्हतं, कारण ज्या पोरासाठी आनंद व्हायचा तो त्यांनी आजवर बघितलाच नव्हता.

"आणि ह्या वैनी," नाथाजीराव मधल्या दाराकडं हात जोडून म्हणाले, "ह्या घरात खरं बोलणारं माणूस एवढं एकच भेटलं. ही सोयरीक त्यांनी जुळवली. मध्यस्थाचा मान त्यांचा. बनूबाई, ओटी भर त्यांची."

हरणाबाई दारात उभी राहिली ती तशीच. बनूबाईंनी तिच्या पदरात नारळ, खण आणि मूठभर गहू घातले. ती 'नगं' म्हणायला गेली, पण ओटी भरताना 'नगं' कसं म्हणायचं? मानाच्या बाईनं स्टेशनापर्यंत पोचवायला आलंच पाहिजे असाही बनूबाईंचा हट्ट पडला. हाताला धरून त्यांनी तिला मोटारीत बसवली. अकरा वर्षं ती मोटार घरी होती. हरणाबाई तीत पहिल्यांदा बसली.

पाव्हण्यांना गाडीत बसवून परत फिरले, तेव्हा पुढं आप्पासो एकटे चाकावर आणि मागं हरणाबाई आणि कृष्णात. तिच्या मांडीवर नारळ होता. ती बाहेरचा ऊस बघत होती.

"म्हसवडला भावाला काय सांगू मी?" ती हळूच म्हणाली.

कृष्णात म्हणाला, "सांगा, किस्ना साधा गोदामवाला निघाला."

"त्येच सांगणार हाय. म्हणावं, मीच मोडलं. माझ्या भाचीला असला नवरा नगं." तिनं नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "राग आला का रं तुला माझा?"

"काल आला असता. आज कसा येणार?"

चावडीपाशी माणसं जमली होती. मधोमध भाऊसो उभे होते, हात हलवत. मोटार पुढून गेली तेवढ्यात त्यांचे दोनच शब्द आत आले: "सुट्या भागांचा इंजिनेर." कृष्णातनं मान खाली घातली. नंतर त्याला हसू आलं.

"कशी वाजतीया?" आप्पासोंनी पुढूनच विचारलं. बायकोला त्यांनी मोटारीबद्दल काही विचारलं असं कृष्णातला आठवत नव्हतं.

हरणाबाईनं मान कलती करून ऐकलं. काच खाली करायला लावून ऐकलं. मग ती म्हणाली, "मला काय कळंना. आत बसल्यावर नुसता गोंगाट हाय. थांबवा, मी उतरती."

"हितं वढ्यात?"

"वढ्यातच. तुमी चढ चढून जावा."

ती उतरली. ओटी पोटाशी धरून ओढ्याच्या काठावर उभी राहिली. आप्पासोंनी काहीतरी पुटपुटत गाडी पुढं घेतली. मोटार चढ चढून वर गेली, तेव्हा कृष्णातनं मागच्या काचेतून बघितलं. ती एवढीशी दिसत होती, मान एका बाजूला कलती. मग तिचा आवाज ओढ्यातून वर आला, बाजाराच्या दिवशी हाक मारावी तसा.

"जरासं आवळ रं, किस्ना! चढाला धापा टाकतीया!"

"काय म्हणतीया ती?" आप्पासोंनी विचारलं.

"आवळ म्हणत्यात."

"काय आवळ?"

"थांबवा, आप्पा," कृष्णात म्हणाला, आणि पेचकस घेऊन उतरला.